पाण्याक भीड नसता

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा उंबरठ्यावरचं माप ओलांडायच्या आधीच एका गृहस्थांनी मला अडवलं. अंगात गुडघ्यापर्यंत पांढरा कोट, खाली पट्ट्यापट्ट्याचा लेंगा, पायात काही नाही. माझ्या माहेरच्यांनी दिलेली गॅसची शेगडी टेंपोतून उतरत होती आणि तिची नारिंगी नळी यांनी हातात धरली होती. मला वाटलं, डॉक्टर असावेत. नव्या सुनेला तपासूनच आत घ्यायची या भागात पद्धत असेल, आपल्याला काय माहीत?

“गो बाय,” ते म्हणाले, “ह्या नळयेवर सालाचो आकडो खंय आसा?”

मिरजेहून निघून सात तास झाले होते. नाव घ्यायला सांगितलं असतं तर उखाणा तयार होता, तोही चार ओळींचा. नळीच्या सालाबद्दल आमच्याकडे कोणी काही शिकवलं नव्हतं. त्यांनी नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिली, मान हलवली आणि जमलेल्या वऱ्हाडाला सांगितलं, “जेची जन्मतारीख नाय, ती नळी घरात घेव नको.” मग मला वाट करून दिली. मी माप ओलांडलं, शेगडी मात्र चार दिवस ओटीवर बसून राहिली. नवी नळी आली तेव्हा तिचा गृहप्रवेश झाला.

हे आमचे शेजारी दत्तूआबा. पूर्ण नाव दत्ताराम, पण ते फक्त मतदारयादीत आणि एकदा एका गाऱ्हाण्यात आलं. त्या गाऱ्हाण्याचीच खरी गोष्ट मला सांगायची आहे. पण आबा कळल्याशिवाय ती कळायची नाही.

जामसंड्यात उतारावर आमची सहा घरांची वाडी आहे आणि सहा घरांत मिळून एक बाव. विहिरीला इथे बाव म्हणतात. आबा हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर होते. पस्तीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, मुलांनी सांडलेलं आम्ल पुसलं आणि चुकलेल्या सरांना मागून हळूच बरोबर बाटली दिली. निवृत्त होताना शाळेने शाल दिली ती त्यांनी कोणाला तरी देऊन टाकली, पण पांढरा कोट मागून घेतला. तेव्हापासून अख्खी वाडी ही त्यांची प्रयोगशाळा आणि आम्ही सगळे नापास होण्याच्या बेतात असलेले विद्यार्थी.

आबा कोणाच्या घरी आले की देवाला नमस्कार करण्याआधी स्वयंपाकघरात जातात. रेग्युलेटरला नाक लावतात, नळी दाबतात, ओट्याखाली वाकतात. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कोणी फिनेल भरून ठेवलेलं दिसलं की खिशातून चिठ्ठी आणि डिंक काढून तिथेच चिकटवतात. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलेलं असतं, ‘पिऊचा न्हय’. उंदराचं औषध, रॉकेल, फरशीचं आम्ल, सगळ्यांना त्यांनी अशा चिठ्ठ्या लावल्या आहेत. एकदा रत्नाकाकीच्या घरी, म्हणजे बावीच्या पलीकडच्या घरी, माळ्यावर काकांनी लपवलेली एक बाटली त्यांना सापडली. आबांनी वास घेतला आणि तिलाही चिठ्ठी लावली. पुढचे आठ दिवस काका आबांशी बोलत नव्हते आणि काकी काकांशी.

अर्थिंगचं तर विचारूच नका. आबांच्या खिशात पेन नसेल, पण टेस्टर असतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की पंपाचा झटका बसतो, हे त्यांनी आम्हा बायकांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी आम्ही हात जोडले. “तुळशीक रोज पाणी घालतास,” ते म्हणायचे, “अर्थिंगाक कोण घालतलो? तुमचो बापूस?” आता आमच्या वाडीत सहाही घरच्या बायका सकाळी एक तांब्या तुळशीला घालतात आणि एक अर्थिंगला. माझ्या सासूबाई तर दोन्हींना हळदकुंकू वाहतात. चूक कशाला, म्हणतात.

पण आबांचा खरा जीव पाण्यात. आरोग्य केंद्रातून ते तपासणीच्या छोट्या बाटल्या आणतात. बाटलीत पाणी भरायचं आणि दोन दिवस उबेत ठेवायचं. पाणी तसंच राहिलं तर ठीक, काळं पडलं तर त्यात घाण आहे. आता पावसाळ्यात कोकणात ऊब आणायची कुठून? आबा बाटल्या आपल्या गोधडीत गुंडाळून ठेवतात. एकदा सकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर सहा बाटल्या गोधडीत आणि आबा बाहेर नुसत्या चटईवर कुडकुडत बसलेले. मी ओरडले, तर म्हणाले, “बाटलयेक ऊब व्हयी गो. माका काय, मी काळो पडणंय नाय.”

महिन्यातून एकदा ते बावीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर घालतात. बादलीत कालवून, निवळून, वरचं पाणी तेवढं ओततात. मग अर्ध्या तासाने परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात दोन थेंब औषध टाकतात. पिवळा रंग आला, म्हणजे पावडर पुरेशी पडली, की ओरडतात, “बावीक हळद लागली!” पण त्याआधी गाऱ्हाणं होतं. ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलेलं नाही त्यांना सांगते. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना एक जाणता माणूस देवाला मोठ्याने सगळं सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी “व्हय म्हाराजा!” म्हणायचं असतं. अर्थ मागाहून कळला तरी चालतो, होकार वेळेवर पडला पाहिजे. आबा बावीच्या काठावर उभे राहून म्हणायचे, “बा देवा म्हाराजा! ही जी काय पावडर घातली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा! आनी जे काय जंतू असतीत, त्यांका आल्या वाटेन धाड रे म्हाराजा!” आणि आम्ही घागरी खाली ठेवून म्हणायचो, “व्हय म्हाराजा!”

एवढं पाण्याचं करणारा हा माणूस कोणाच्या घरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. इथे दारात आलेल्या माणसाला आधी गूळपाणी देतात. आबा गूळ तोंडात टाकायचे आणि काखेतल्या पिशवीतून स्वतःची बाटली काढायचे. सुरुवातीला मला फार राग यायचा. आमचं पाणी काय घाणेरडं आहे? एकदा विचारलंच.

“तसा न्हय गो,” ते म्हणाले. “शाळेत एकदा बाहेरचो परीक्षक इल्लो. त्येका शहाळी दिली, सोलकडी दिली, जाताना आंब्याची पेटी दिली. प्रयोग एकाचोय धड झालो नाय, पण पोरां सगळी पास. तेवाच मी ठरवलंय, जेचा पाणी तपासूचा, त्येच्या हातचा पाणी पिऊचा नाय. पाण्याक भीड नसता. पिणाऱ्याक पडता.”

हे त्यांचं ब्रीदवाक्य. “पाण्याक भीड नसता.” गावच्या पुढाऱ्याच्या घरची बाटली काळी पडली तेव्हाही त्यांनी ती हातात धरून बाजारातून नेली होती आणि विचारणाऱ्याला हेच सांगितलं होतं.

त्यांच्या खिडकीत बाटल्यांची रांग असते. त्यात एका बाजूला तेव्हा नऊ बाटल्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या, सगळ्या स्वच्छ. त्या त्यांच्या मुलाच्या घरच्या. मुलगा ठाण्याला असतो. दर चवथीला, म्हणजे गणपतीला, वाडीतला जो कोणी चाकरमानी मुंबईहून येतो तो आबांच्या मुलाकडून एक बाटली पाणी घेऊन येतो. आबा ते तपासतात आणि मग फोन करतात, “पाणी बरा आसा रे तुझा.” पलीकडून काय म्हणतात ते ऐकू येत नाही, पण फोन एका मिनिटात संपतो. माझ्या सासूबाई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “पाणी येता, झील येणा नाय.” झील म्हणजे मुलगा. त्यानंतर मी त्या नऊ बाटल्यांकडे फारसं बघायची नाही.

आता माझं सांगते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी परसात पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. समुद्र बघायला येणारे लोक घरगुती जेवण आणि स्वच्छ बिछाना शोधत असतात, आणि हे दोन्ही मला जमतं. मी अगदी जोरात होते. रंग मी निवडला, खिडक्या मी निवडल्या आणि संडासाच्या शोषखड्ड्याची जागाही मीच निवडली. खालच्या कोपऱ्यात राखणदाराचा पाषाण आहे, जागेची राखण करणारा तो देव. तिथे खड्डा खणायचा शब्द काढताच सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. उरल्या दोन जागा. एक रस्त्याच्या अंगाला, एक वर परसात.

आबा गाठी मारलेला दोर घेऊन आले. खड्ड्याच्या जागेपासून बावीपर्यंत त्यांनी दोर धरला, गाठी मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“गो, चढाक खड्डो आनी उताराक बाव,” ते म्हणाले. “खाली सगळो जांभो. जांभो दगड म्हणजे चाळण. पावस लागलो की खड्ड्यातला सगळा बावीत येतला. रस्त्याच्या अंगाक कर.”

“तिथे पाहुण्यांच्या गाड्या लागणार, आबा.”

“गाडयेक जागा आसा, पाण्याक नाय?”

ऊन होतं, गवंडी खोळंबले होते आणि मला कोणी शिकवलेलं मुळात आवडत नाही. मी म्हणाले, “आबा, तुम्ही तुमच्या बाटल्या सांभाळा. माझं घर मी सांभाळते.”

त्यांनी दोर गुंडाळला. “बरा,” म्हणाले आणि गेले. खड्डा वरच झाला.

मे महिना छान गेला. पाहुणे आले, फोटो काढून गेले, दिवाळीसाठी दोन कुटुंबांनी आत्ताच जागा सांगून ठेवली. मग पाऊस लागला आणि चवथ जवळ आली. चवथीला तीन दिवस होते, तेव्हा सकाळी आबा कोट घालून बावीवर आले. त्यांच्या हातात एक बाटली होती आणि तिच्यातलं पाणी शाईसारखं काळं झालं होतं. त्यांनी रहाटाला लाल फडकं बांधलं आणि सांगितलं, बाव बंद.

चवथीच्या तोंडावर बाव बंद! सहा घरांत मिळून चाळीसेक चाकरमानी उतरणार होते. मोदकाची उकड काढायची, मूर्तीला पाणी लागायचं, लहान पोरं दिवसभर तांब्या बुडवणार.

“चवथीक बाव बंद करतास?” रत्नाकाकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “माजे मोदक काय समुद्राच्या पाण्यात करू?”

“कर,” आबा म्हणाले. “मीठ घालूचा वाचतला.”

पिण्याचं पाणी खालच्या वाडीतून आणायचं आणि उकळून प्यायचं ठरलं. पण पाण्यापेक्षा मोठा प्रश्न होता, घाण कोणाची? सहाही घरांना संडास, सहाही घरांचे खड्डे. ज्याचा निघेल त्याच्या नावाने हे तीन पिढ्या सांगितलं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘ह्यांच्या घरातली घाण आम्ही प्यालो.’ लग्न जमवताना निघणार, भांडताना निघणार. आणि माझ्या तर खोल्या. ज्या घराच्या पाण्याचं असं बोललं जातं तिथे कोण पाहुणा राहायला येणार? उत्तर मला तेव्हाच माहीत होतं.

आबांनी शिमग्याचे उरलेले रंग गोळा केले. प्रत्येक घराला एक रंग दिला, यादी करून ती बावीच्या खांबाला चिकटवली आणि स्वतः प्रत्येक घरी उभं राहून रंगाची पुडी संडासात ओतायला लावली. रत्नाकाकीला पिवळा, आम्हाला जुन्या आणि नव्या दोन्ही संडासांत हिरवा, त्यांच्या स्वतःच्या घराला गुलाबी. “जो रंग बावीत येतलो, त्येचो खड्डो,” त्यांनी जाहीर केलं. “परवा सकाळी आठाक सगळ्यांनी या. पाण्याक भीड नसता.” दोन दिवस पाऊस नुसता कोसळत होता.

हरताळकेच्या दिवशी पहाटे उजाडताच मी एकटी बावीवर गेले. रहाटावर पत्रा आहे, दोराला पावसाचं पाणी लागत नाही, तरी दोर ओला होता. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. मी कळशी ओढली आणि पाणी पांढऱ्या परातीत ओतलं. हिरवट होतं. फार नाही, केळीच्या कोवळ्या पानाइतकं. पण हिरवंच.

मी ते पाणी माडाच्या आळ्यात ओतलं आणि घरी आले. सासूबाई पूजेची तयारी करत होत्या. त्यांना सांगावं, आबांना सांगावं, सगळ्यांच्या आधी आपणच सांगून टाकावं, असं मी तीनदा ठरवलं. सांगितलं नाही. मी भित्री नाही, असा माझा समज होता. त्या दोन तासांत तो गेला.

आठ वाजता वाडी जमली. मुंबईहून आलेले लोकही छत्र्या घेऊन आले. आबांनी कळशी ओढली, काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि पांढऱ्या कागदासमोर धरलं.

पाणी गुलाबी होतं.

गढूळ, मळकट, पण गुलाबी. मी बघतच राहिले.

“गुलाबी कोणाचो?” रत्नाकाकीने विचारलं आणि स्वतःच यादी वाचली. “अगो बाय माझे! आबांचोच!”

मग जे हसू फुटलं ते थांबेना. इतकी वर्षं ज्यांनी आम्हाला नळ्या, चिठ्ठ्या आणि आकडे यांनी हैराण केलं होतं त्यांचाच खड्डा! “दिव्याखाली काळोख!” कोणीतरी ओरडलं. सगळे पेल्याकडे बघत होते. मी आबांच्या हातांकडे बघत होते. पेला खाली ठेवून त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले, पण त्याआधी मला दिसले. मनगटापर्यंत गुलाबी. नखांत तर रंग नुसता भरला होता.

माझ्या आधी ते येऊन गेले होते. आणि माझ्यानंतर पुन्हा आले होते. पाण्यात एक थेंब वाईट जाऊ नये म्हणून जगणाऱ्या माणसाने आपल्या हाताने बावीत रंग कालवला होता.

आबा काठावर चढले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! ह्या सहा घरांच्या बावीत जी काय घाण इली, ती ह्या दत्तारामाच्या खड्ड्याची म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” वाडी गरजली. इतक्या आनंदाने होकार कधी पडला नव्हता.

“दुसऱ्या कोणाच्या घराक बोल लागा नये म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनी जेका काय ता कळला हा, त्येना आजच्या आज आपले नळ बंद करूचे आनी खड्डो दुसरीकडे खणूचो म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. कोणालाही काही कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि मीही म्हणाले. तोंडातून शब्द गेला आणि कानशिलं तापली.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. आबा पाटावर बसून नखांना लिंबू चोळत होते.

“आबा, हिरवा होता. मी पाहिला.”

“ठावक आसा माका. दोर ओलो बगून तुका कळला नाय?”

“मग असं का केलंत? पाण्याला भीड नसते, म्हणता ना?”

“पाण्याक नसता,” ते म्हणाले. “मी काय पाणी आसंय?”

ते लिंबू चोळत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, “तुजा नाव गेला तर उद्या खोलयेत कोण येवचो नाय. तुज्या घराक माणसां येतत. ती येवक व्हयी. माज्या घराक कोण येता गो? माजा नाव गेला तर कोणाचा काय जाता?”

खिडकीत नवी बाटली आलेली दिसली. ठाण्याहून, दहावी. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आबा म्हणाले, “रडान खड्डो बुजना नाय. गवंड्याक फोन कर.”

मी खोल्या बंद केल्या आणि दिवाळीच्या दोन्ही कुटुंबांना नाही म्हणून कळवलं. वरचा खड्डा उपसून बुजवला, रस्त्याच्या अंगाला सिमेंटची बंद टाकी बांधली. विचारणाऱ्यांना सांगितलं की पाहुण्यांच्या गाड्यांना वरच सावली मिळते. बाव तीन वेळा उपसली, तीन वेळा पावडर घातली, आणि चवथीनंतर महिन्याभराने बाटली स्वच्छ राहिली. आणि आबांनी काय केलं? गाऱ्हाण्यात बोललेलं खरं दिसावं म्हणून स्वतःचा चांगला, निर्दोष खड्डा फोडून टाकला. नवा होईपर्यंत दोन महिने ते रोज सकाळी छत्री घेऊन आमच्या जुन्या संडासाला यायचे, अगदी कचेरीच्या वेळेवर. जाताना ओटीवर टेकायचे, गूळ खायचे आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायचे.

झालं, मिटलं, असं मी समजले. माझ्या बाजूने मिटलंच होतं.

पण वाडीत आबांचा शब्द उतरला. ते कोणाच्या नळीला हात लावू लागले की लोक हसून म्हणायचे, “आबानू, आदी तुमचो खड्डो बगा.” बावीत पावडर पडायची, पण गाऱ्हाण्याला होकार द्यायला घागर खाली कोणी ठेवेना. बाटल्या भरून घ्यायला कोणी दारात उभं करेना. वैशाखात त्यांनी रत्नाकाकीला सांगितलं, तुझी नळी उंदराने कुरतडली आहे, आजच बदल. काकी म्हणाली, “रंग खयचो इलो, गुलाबी?” चौथ्या दिवशी तिच्या शेगडीमागे भडका उडाला. खुंटीवरचा टॉवेल आणि अर्धा पडदा जळला, काकी वाचली, कारण ती त्या क्षणी कोथिंबीर खुडायला परसात गेली होती. आबा ओली गोणी घेऊन सगळ्यांच्या आधी धावले. विझवून परत गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर कोट खुंटीला होता आणि गोधडीत एकही बाटली नव्हती. आबा नुसते बसले होते.

माझं नाव त्यांनी वाचवलं होतं आणि त्याबदल्यात वाडीने त्यांचं ऐकणं सोडलं होतं. पुढचा पडदा जळेल तेव्हा कोणी परसात नसेल, हे मला दिसत होतं.

महिन्याची पावडर तेवढी आबांनी सोडली नव्हती. यंदाच्या हरताळकेला सकाळी ती घालायला ते बावीवर आले, तेव्हा मीही गेले. सासूबाईंना आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “लुगडा धड नेस. गाऱ्हाणा घालूचा आसा.” चाकरमानी आलेले होते, पाण्याला सगळी वाडी जमली होती. आबा तोंड उघडणार तोच मी काठावर चढले. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, आणि माझी मालवणी म्हणजे मिरजेच्या चटणीत नारळ घातल्यासारखी. पण चढले.

“बा देवा म्हाराजा! गेल्या चवथीक ह्या बावीत जी घाण इली, ती माज्या खड्ड्याची म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सवयीने सगळे म्हणाले. मग एकेकाचं तोंड उघडंच राहिलं.

“रंग हिरवो होतो म्हाराजा! आबांनी माका वाचवूक आपल्या हातान गुलाबी घातलो म्हाराजा!”

यावेळी फक्त सासूबाईंचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.” बारीक, पण स्पष्ट.

“आबांचो खड्डो चांगलो होतो, आबांचा पाणी चांगला होता, आनी मी वरसभर गप रवलंय म्हाराजा!”

रहाटाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. रत्नाकाकीने घागर खाली ठेवली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि पदर तोंडाला लावला. माझ्या खोल्यांचं आता काय व्हायचं ते होवो, असं मी मनाशी म्हणाले, आणि खरं सांगते, वर्षात पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

“तुका कोणी सांगल्यान शाणपण करूक?” आबा ओरडले. “उतर खाली. निसारडा आसा. पडलंस तर?”

मी उतरले. आबा बावीच्या पायरीवर बसले. काखेतली पिशवी त्यांनी बाजूला ठेवली, त्यांची बाटली तिच्यात होती. ती त्यांनी काढली नाही.

“पाणी दी,” ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “कुठलं देऊ, आबा?”

“हयचाच. बावीचा. तुज्या हातान दी.”

मी कळशी ओढली. घाईत अर्धं पाणी पायावर गेलं. तांब्यात भरून पुढे केलं. अख्खी वाडी, मुंबईची पोरंसुद्धा, बघत उभी होती. आबांनी पाणी प्रकाशात धरलं नाही, वास घेतला नाही, खिशातलं औषध काढलं नाही. डोळे मिटून, वरून धार धरून, ते सगळं पाणी प्यायले.

मग तांब्या माझ्यापुढे केला.

“आनी वाईच घाल,” म्हणाले.